रेघ पुढून, रंग मागून

मारुंजी,
रविवार, ११ ऑक्टोबर २००९

प्रिय उत्कर्षाताई,

नमस्कार. पत्रात आधी खुशाली विचारतात म्हणून विचारते, कशी आहेस? आम्ही इकडे बरे आहोत. आबांचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय. आईची चकलीची भाजणी दळून आली. दिवाळी सहा दिवसांवर आहे आणि भात अजून वावरात उभं आहे. झाली खुशाली.

मी शुभांगी. हैबतरावांची धाकटी. तू आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलीस तेव्हा अकरा वर्षांची होते, आता वीस पूर्ण झाली. ओळखलंस का, असं विचारत नाही. ओळखलं नसशील तर पत्र इथंच फाडून टाक, म्हणजे पुढचं वाचायचा तुझा त्रास वाचेल.

पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते, नाहीतर वाचता वाचता तू तेच शोधत बसशील. मी पुण्याला कमर्शियल आर्ट करतेय. वर्गात सौरभ म्हणून मुलगा आहे, सूसला राहतो. मागच्या महिन्यात लेक्चर चालू असताना मी वहीच्या कडेला डोंगऱ्या काढत होते. आपला डोंगऱ्या. तांब्याचं प्रचंड चिलखत, छातीत माणूस बसायची खोली, डाव्या खांद्याला पोचा. सौरभ वाकून बघायला लागला आणि म्हणाला, "हे तुला कसं माहीत? ही सिरीयल कुणालाच माहीत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू जपानला होत्या, त्यांच्याकडे अख्खा सेट आहे, इंग्लिश सबटायटलवाला."

होत्या, म्हणाला. आहेत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सेट आणून दिला. डब्याच्या आत पट्टी चिकटवलेली, 'बघून झाल्यावर आठवणीनं परत करणे', खाली फ्लॅटचा नंबर आणि तुझं नाव. आडनाव नवीन, अक्षर तेच. काकू किती वर्षं राहतात, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तीन, म्हणाला.

ताई, सूसहून मारुंजीला यायला स्कुटीवर अर्धा तास लागतो. तीन वर्षांत तुझा एकही रविवार मोकळा नव्हता?

बरं, ते राहू दे. मी सव्वीसच्या सव्वीस भाग चार दिवसांत बघितले, कॉलेज बुडवून. सबटायटलसकट. आणि म्हणून हे पत्र.

तुला आठवत असेलच, तरी लिहिते, कारण मला ते एकदा सगळं मांडून बघायचंय. तू परभणीहून हिंजवडीच्या कंपनीत लागलीस ते २००० साल. कंपनीनं तुला जपानी शिकायला बसवलं होतं. तुझ्या जपानीच्या बाईंकडून तू त्या सीड्या आणायचीस, बिनसबटायटलच्या. आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे तुझ्या खोलीतला. रविवारी जेवणं झाली की मी आणि अमोलदादा तुझ्या उंबऱ्याशी येऊन बसायचो, आणि तू एकटी सगळ्यांचे आवाज मराठीत काढायचीस. राजाचा, म्हातारीचा, घोड्याचासुद्धा. लढाईत दोघं एकदम ओरडले की तुझी जी धांदल उडायची! आई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "ह्या पोरीच्या अंगात येतंय का काय?"

गोष्टही साधीच. डोंगरातल्या खोऱ्यात नांगरताना जमिनीतून जुनी चिलखतं निघतात, तीन-तीन माड्यांएवढी. आत माणूस बसला की ती चालतात. त्या पलटणीची सेनापती केतकी, आणि ज्याच्या वावरात सगळ्यात मोठं चिलखत सापडलं तो शेतकऱ्याचा पोरगा गोंदा. खरी नावं आपल्या जिभेला यायची नाहीत म्हणून ही तू ठेवलीस. चिलखताला डोंगऱ्या नाव दादानं दिलं. आमच्या बैलाचं होतं.

आता कॉलेजात आम्हाला थ्रीडी शिकवतात. तसले लोखंडी राक्षस मीही करते, कुठूनही वळवा, बिनचूक आणि चकाचक. त्यातला एकही घरी आल्यावर मला आठवत नाही. डोंगऱ्या आठवतो, कारण तो दमायचा. चिखलात पाय रुतला की काढताना आधी खांदा पुढे यायचा, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी पाय. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा दादा ओरडलाच होता, "ह्यो चितारणारा शेतातला हाय! भातलावणीच्या चिखलात उतरल्याबिगर ह्ये न्हाई काढता येत." आणि तो खांद्याचा पोचा! तिसऱ्या भागात पडला, तो पंचविसाव्या भागातही होता. म्हणजे हजारो चित्रं काढताना दर चित्रात कुणीतरी आठवणीनं तो पोचा काढला. डोंगऱ्या धावतानाचं एकच दृश्य चार भागांत परत वापरलंय, हेही दादानंच पकडलं. "मानसं कमी पडली आसतील बिचाऱ्यांना," म्हणाला, "कापनीला पडत्यात तशी." कुठल्या तरी परक्या मुलखातले चित्रकार त्याला भावकीतले वाटायला लागले होते.

मग आपल्यालाही तसं काढायचं झालं. पारदर्शक कागद आणायचा कुठून, तर तू शक्कल काढलीस, जुने एक्स-रे गरम पाण्यात सोडा घालून धुवायचे, वरचा काळा थर निघतो आणि निळसर काचेसारखा पत्रा उरतो. सुरुवात आबांच्या गुडघ्यापासून झाली. डॉक्टरांनी तो एक्स-रे परत मागितला तेव्हा आबांनी त्यांच्यापुढे डोंगऱ्या धरला होता, आठवतं? आठ दिवस शिव्या खाल्ल्या आपण.

पुढून रेघ, मागून रंग. हे तू शिकवलंस. रेघा माझ्या, सीडीवर लिहायच्या काळ्या पेनानं. रंग दादाचे, डिंक घातलेले पोस्टर कलर. मागून रंगवायचं म्हणजे सगळं उलटं, जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी लावायचं. आधी डोळ्यातला पांढरा ठिपका, मग डोळा, मग शिरस्त्राण. दादा पहिल्या दिवशी नेमका चुकला. आधी अख्खं शिरस्त्राण रंगवलं आणि मग त्यावर सावकाश डोळे काढत बसला. उलटून बघितलं तर डोंगऱ्या ठार आंधळा. तू हसत हसत त्याचा हात धरून ओल्या फडक्यानं ते पुसलंस आणि दादाचे कान लाल झाले. मी बघितलं ते. अकरा वर्षांची पोरं सगळं बघतात.

आता ऐक, खरं काय आहे ते.

तो लठ्ठ आचारी, ज्याला तू गोंदाचा मामा केला होतास आणि ज्याच्या प्रत्येक वाक्याला आम्ही पोट धरून हसायचो, तो फितूर आहे. ज्या प्रसंगात तू त्याच्या तोंडी पुरणपोळीची कृती घातली होतीस, त्यात तो गाव जाळायचा सौदा करतोय. आम्ही हसत होतो ताई. मागे गाव जळत होतं आणि आम्हाला वाटलं आचाऱ्याची चूल पेटलीय. म्हातारी गाते ती अंगाई नाही, ती मेलेल्या पोरांची नावं घेतेय एकेक. सबटायटलमध्ये ती नावं एकाखाली एक यायला लागली तेव्हा मला कुणीतरी फसवून भलत्याच घरात वाढवलंय असं वाटलं.

हेही चालवून घेतलं असतं. पण केतकी आणि गोंदा?

त्या दोघांचं तसं काही नाहीच. ती हुकूम देते, तो ऐकतो. बस्स. नवव्या भागात नदीकाठी ती त्याच्याकडे वळून बोलते, तिथे तू म्हणाली होतीस, "गोंदा, तुला बोलता येत नाही, की माझ्याशी बोलायचं नाही?" खरं वाक्य आहे, "घोड्यांना पाणी दाखवलं का?"

तू पडद्याकडे बघून बोलायचीस आणि दादा तुझ्याकडे बघून ऐकायचा. चौदाव्या भागापासून गोंदाचे संवाद तू त्याच्याकडूनच म्हणवून घ्यायला लागलीस. तू हळूच सांगायचीस, तो मोठ्यानं म्हणायचा. एरवी दारात पाहुणा आला तर मागल्या दारानं वावरात पळणारा माझा भाऊ, कॉम्प्युटरपुढे बसून म्हणत होता, "तू जिथं जाशील तिथं माझी वाट येती." ते प्रेम त्या चित्रांत नव्हतं. ते तू घातलंस. आणि घालून निघून गेलीस.

फेब्रुवारी २००२. "आईकडे चार दिवस जाऊन येते," म्हणालीस. माझ्या हातात पाकीट दिलंस, आत शेवटची सीडी आणि हातानं लिहिलेले तीन कागद. "सव्विसावा भाग दोघं बघा, संवाद लिहून ठेवलेत." पाचव्या दिवशी तुझा भाऊ दयानंद टेम्पो घेऊन सामान न्यायला आला, तेव्हा त्याच्याकडून कळलं की परभणीत तुझं लग्न ठरलंय आणि तिथून थेट जपान. दादानं तुझा कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी टेम्पोत ठेवला. खाली गोणपाट घातलं, हादरे बसू नयेत म्हणून.

दादा आता एकोणतिसाचा आहे. सात मुली नाकारल्यात त्यानं. हिंजवडीची पोरं खोलीसाठी दारात उभी असतात, आबांनी पुढे आणखी चार खोल्या बांधल्या त्याही भरल्या, पण मागची खोली दादा कुणाला लावू देत नाही. स्वतः झाडतो. आता कोळवणहून स्थळ आलंय, शारदा म्हणून, दवाखान्यात नर्स आहे. मला आवडली. आबा म्हणाले, "आरं, देवाला वाहिलायस का काय सोताला? कुनासाठी थांबलायस?" दादा म्हणतो, "थांबलोय," एवढंच. कुणासाठी ते सांगत नाही. आई माझ्याकडे बघते. मी भांडी घासायला उठते.

सव्विसाव्या भागाचं लिहायचं राहिलं. आई हाक मारतेय, नंतर लिहिते.

मंगळवार, दुपार

परवाचं वाचून बघितलं. फार शहाण्या आणि फार सोसलेल्या बाईचं पत्र वाटलं मला ते. मीही मागून रंगवत बसले आणि डोळे शेवटी ठेवले.

तू गेल्यावर आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणून हिंजवडीच्या सायबर कॅफेत गेलो, प्लायवूडच्या खोपट्यात, एका खुर्चीवर दादा आणि स्टुलावर मी. तो म्हणाला, "तू वाच. तिच्यावानी." त्याला चित्रावरची नजर काढायची नव्हती. शेवटी केतकी टेकडीवर वळून बोलते, तिथवर मी तू लिहिलेलंच वाचलं. पुढे तुझ्या कागदावर असं होतं,

'गोंदा, माझी वाट पाहू नकोस. मी परत येणार नाही. चिलखत इथंच उतरव आणि उजेड आहे तोवर घर गाठ.'

मी वाचलं, "गोंदा, याच टेकडीवर थांब. मला वेळ लागेल, पण मी येईन."

ऐन वेळी तोंडातून निघून गेलं असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तसं नाही. पाकीट मी आदल्या दिवशीच उघडलं होतं. गोठ्यात बसून ते वाचलं, माझं वाक्य तयार केलं, आणि तुझ्या आवाजात चार-पाच वेळा म्हणून बघितलं. बारा वर्षांची होते म्हणून सोडून दे, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण बारा वर्षांच्या पोरीला इतकं नीट खोटं बोलता येतं, हे मला माहीत आहे ना.

का केलं? कारण दादाचा चेहरा मला बघवला नसता. कारण मलाही तू परत हवी होतीस. रविवार हवे होते. वाटलं, तू येशीलच, आणि मग माझं खोटं आपोआप खरं होईल. आणि अजून एक. त्या दिवशी पहिल्यांदा दादानं माझा आवाज ऐकून डोळे पुसले, हसत हसत. घरात मला कोण विचारत होतं? त्या पाच मिनिटांत मी केतकी होते. ते मला आवडलं.

बाहेर आल्यावर त्यानं कागद मागितले. पाणी तापवायच्या बंबात घातले, म्हणून सांगितलं. ते माझ्या चित्रकलेच्या वहीच्या पुठ्ठ्यात आहेत, आजही.

पुढे कधी सांगणार? पहिलं स्थळ नाकारलं तेव्हा मी दहावीत होते. परीक्षा झाली की सांगू म्हटलं. मग दुसरं आलं. खोटं जुनं झालं की त्याला हात लावायची भीती वाटते. आणि मला तुझा राग येत राहिला, ते सोपं होतं. सगळं घर तुझ्यावर चिडलेलं, त्यात माझं खपून गेलं.

आता तो सेट दादानं माझ्या टेबलावर बघितलाय. डब्यावरचा डोंगऱ्या बघून लहान पोरासारखा हसला. दिवाळी झाली की २५ तारखेच्या रविवारी मागच्या खोलीत दोघांनी बघायचं ठरवलंय, शेवटच्या भागापासून. त्याला इंग्रजी हळूहळू का होईना, वाचता येतं. आणि केतकीचं वाक्य लहान आहे.

म्हणून मागणं मागते. पंचवीस भागांचं खोटं तुझंच आहे. सव्विसाव्याचंही तुझंच म्हण. त्याला दोन ओळी लिही की थांब असं मीच लिहिलं होतं, माझी चूक झाली. तुला काय फरक पडतो? तो तुझ्यावर चिडला तर तू सूसला आहेस. माझ्यावर चिडला तर मी कुठे जाऊ?

तू आम्हाला फसवलंस, हे मी मागे घेत नाही. फक्त त्यात एवढं आणखी घाल.

उत्तराची वाट बघते. वाट बघणं आमच्या घराला काही नवीन नाही.

तुझी, असं लिहायची सवय आहे म्हणून,
शुभांगी


मारुंजी,
रविवार, १ नोव्हेंबर २००९

उत्कर्षाताई,

तुझं पत्र भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मिळालं. सौरभच्या हाती पाठवलंस ते बरं केलंस, पोस्टमन आमच्याकडे पत्रं दादाच्याच हातात देतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. 'माझं मी पदरात घेते, तुझं तू घे.' इतकं सरळ? मी इतक्या विनवण्या केल्या आणि तू मला वहीत लाल शेरा मारावा तसं एक वाक्य लिहिलंस. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझं बरोबर वाटलं, आणि मग तर जास्तच संताप आला.

तू लिहिलंस, त्या वेळी तुला दहा वाक्यांतलं एक कळायचं आणि उरलेली नऊ तू आमच्या तोंडाकडे बघून बनवायचीस. ते कबूल करायला लाज वाटली आणि पुढे बनवण्यातच गोडी वाटायला लागली. पण शेवटचा भाग मात्र बाईंपुढे चार संध्याकाळ बसून शब्दन्‌शब्द उतरवून घेतलास, कारण तोंडानं सांगायचा धीर नव्हता आणि दादाला तेवढं एक तरी खरं सांगून जायचं होतं.

मी ताडून बघितलं. तुझा कागद एका हातात आणि सबटायटल समोर. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. सव्वीस भागांत तेवढंच खरं होतं, आणि नेमकं तेवढंच मी वाचलं नाही.

आणि दादानं तुला पत्र पाठवलं होतं, हे मला तुझ्याकडून कळतंय! २००३ मध्ये, परभणीच्या पत्त्यावर. त्यात एकच ओळ, 'टेकडीवर आहे.' तू वाट पाहू नकोस म्हणून लिहून गेलीस आणि वर्षानं हे हातात पडलं, म्हणजे हा माणूस मुद्दाम टोचतोय, आपल्याला सुखानं राहू देणार नाही, असं तुला वाटलं. म्हणून सूसला येऊनही तू इकडे पाय ठेवला नाहीस. आणि तो बिचारा तू सांगितलंस तेवढंच कळवत होता. मी सांगितलं तेवढं.

बरं. आता त्या रविवारचं.

मागची खोली त्यानं सकाळीच झाडून ठेवली होती. माझा कॉम्प्युटर तिथं नेला. जेवणं झाल्यावर बसलो, तो खुर्चीवर, मी स्टुलावर, कुणी न सांगता तसेच. शेवटचा भाग लावला. सबटायटल मी आधीच बंद करून ठेवली होती. "आक्षरं कुटं हायेत?" दादा म्हणाला. मी म्हटलं, "मी वाचते." आणि वहीच्या पुठ्ठ्यातून कागद काढले.

तुझ्यासारखा आवाज काढला नाही. माझ्याच आवाजात वाचलं, तो जसा आहे तसा, मधे मधे अडकत.

केतकीचं वाक्य झाल्यावर तो म्हणाला, "परत वाच."

परत वाचलं.

"आन हिकडं."

त्यानं कागद हातात घेतला, खिडकीकडे धरला. बोट ठेवून ओठ हलवत वाचत होता. त्यानं तुझं अक्षर इतकं एकत्र कधी बघितलं नव्हतं.

"ह्ये तिचंच हाय?"

"व्हय."

"जायच्या आदी लिवलं?"

"व्हय."

"आन तवा तू काय वाचलंस?"

मी सांगितलं. पूर्ण, शब्दाला शब्द. मला ते पाठ आहे अजून. गोठ्यात सराव केला होता तेही सांगितलं, कारण ते राहिलं असतं तर परत मागून रंगवल्यासारखं झालं असतं. माझी मान वर होत नव्हती. मला वाटलं ओरडेल. हात उगारेल. आमच्या घरात तेही चालतं, आणि मला त्या वेळी तेच हवं होतं.

तो कागदाकडेच बघत होता. म्हणाला, "उजेड हाय तवर घर गाठ, आसं लिवलंय हितं." मग अगदी हळू, "शुभे, बावीस वर्साचा व्हतो मी. तवा उजेड व्हता गं."

पडद्यावर डोंगऱ्या टेकडीवर एकटा उभा होता आणि खाली जपानी नावं सरकत होती. ज्यांनी तो काढला त्यांची असणार. संपेपर्यंत दादा बसला, मग उठून विळा घेऊन वावरात गेला. कापणी निम्मी राहिली होती.

आज आठवा दिवस. मी वाढते ते जेवतो. ताट उचलून मोरीत ठेवतो. माझ्याशी बोलत नाही. मागच्या खोलीची किल्ली त्यानं आईकडे दिली आणि म्हणाला, "लावा कुनाला बी." कोळवणला काही निरोप गेला का, मला माहीत नाही. मला आता घरात कुणी काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही. आईला कळलंय. ती परवा कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, "त्या परभनीच्या पोरीला म्या आठ वर्सं शिव्या घातल्या." ते तुला कळवावं असं मला वाटलं.

मी तुला फितूर म्हणायला बसले होते ताई. खोलीतून न सांगता गेलीस, तोंडावर खोटं बोलून गेलीस, त्याचा राग अजून आहे. तो जाणार नाही आणि मी घालवणारही नाही. पण गाव जळत असताना पुरणपोळीची कृती सांगणारी तू एकटी नव्हतीस.

आज सकाळची गोष्ट लिहून थांबते. दादानं माळ्यावरचं खोकं खाली काढलं. आपले सगळे पत्रे, एकशे बारा, वर्तमानपत्राच्या घड्यांत जपून ठेवलेले. अंगणात घंगाळ मांडलं, त्यात गरम पाणी ओतलं आणि एकेक पत्रा त्यात बुडवून अंगठ्यानं चोळायला लागला. पोस्टर कलरच तो, लगेच सुटला. पाणी आधी तांबूस झालं, मग चिखलासारखं. मी दारात उभी होते. त्यानं थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. धुऊन झालेला प्रत्येक पत्रा तारेवर चिमट्यानं लावत गेला.

रंग त्याचे होते, ते गेले. माझ्या रेघा सीडीच्या पेनाच्या, त्या पाण्यानं जात नाहीत. अंगणात एकशे बारा रिकामे डोंगऱ्या वाळत होते आणि त्यांच्या पोटांतून पलीकडचं कापलेलं वावर दिसत होतं.

हात पुसून दादा माझ्याजवळ आला. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"ह्या रेगा तुज्या हायेत. तुज्या तू घेऊन जा."

एक पत्रा या पाकिटात घातलाय. नवव्या भागातला आहे, नदीकाठचा. सेटबरोबर सौरभकडे देतेय. पत्रा तुझ्याकडेच राहू दे, आणि मागून रंग देऊ नकोस.

सव्विसावा भाग जिच्या आवाजात झाला, ती
शुभांगी